ब्रेंडलचं मत थॉर्नमथला

ग्लेनिस हॉकडे ब्रेंडलच्या लाल पक्षाची चिटणीस होती, आणि गेल्या पाच निवडणुकांत तिने लाल पक्षाला एकदाही मत दिलेलं नव्हतं. वर्गणी गोळा करायची तीच, चॅपलच्या हॉलची किल्ली मागून आणायची तीच, बैठकीला बिस्किटं न्यायची तीच. आणि मतदानाच्या दिवशी पडद्याआड जाऊन पिवळ्यांच्या नावापुढे फुली मारून यायची तीही हीच बाई. यात तिला लाज नव्हती, उलट अभिमान होता. ती याला शहाणं मत म्हणायची, आणि दुकानाच्या रांगेत पुढच्यामागच्यांना ते समजावून सांगायची, कुणी विचारलेलं नसलं तरी.

हिशेब तसा सरळ होता. ब्रेंडलच्या खोऱ्यात तिच्या आजोबांपासून निळे निवडून येत होते. देशभर धरलं तर शंभरातली चाळीस मतं निळ्यांची, उरलेल्या साठांवर लाल आणि पिवळे एकमेकांच्या झिंज्या उपटायचे. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ. सरकार निळ्यांचं, खासदार निळा, आणि विरोध करायचा तो विरोधकांनी एकमेकांनाच करायचा, अशी गंमत. ब्रेंडलमध्ये पिवळे दुसरे यायचे आणि लाल कुठेतरी तळाशी. टेकडीपलीकडच्या थॉर्नमथ बंदरात नेमकं उलटं. तिथे निळ्यांना घाम फोडायचे ते लाल, आणि पिवळ्यांना कुणी विचारत नव्हतं.

थॉर्नमथला तिचा थोरला भाऊ डेस्मंड राहायचा. दोरखंडाच्या कारखान्यात चाळीस वर्षं काढलेला, सडा माणूस. वडील पिवळे, चॅपलला जाणारे, दारूला न शिवणारे. डेस्मंडने त्यांचा कोट घेतला, चॅपलमधली जागा घेतली आणि पक्षही घेतला. ग्लेनिस खाणीतल्या क्लेम हॉकडेशी लग्न करून लाल झाली. घरात यावरून भांडणं नव्हती. बहीणभाऊ नाताळला एकमेकांना टोमणे मारायचे, तेवढंच.

आईच्या मयतीनंतर चॅपलच्या हॉलमध्ये हॅम सँडविचची ताटं फिरत होती, तेव्हा दोघं कोपऱ्यात बसून बोलत होते. महिनाभरापूर्वीच दोन्हीकडे पुन्हा निळे आले होते. ग्लेनिस म्हणाली की आपण दोघं येडपट आहोत. तुझं पिवळं मत थॉर्नमथमध्ये कुजतं, माझं लाल मत ब्रेंडलमध्ये कुजतं. तू तिकडे माझ्या पक्षाला दे, मी इकडे तुझ्या पक्षाला देते. डेस्मंडने बराच वेळ सँडविचच्या कडा कुरतडल्या आणि मग हात पुढे केला. ग्लेनिसने तो हातात घेतला. क्लेम शेजारी उभा होता, तो हसला आणि म्हणाला, "मतं म्हणजे काय अंडी आहेत, शेजारणीशी अदलाबदल करायला?" ग्लेनिसने त्याला गप्प केलं. राजकारणात भावनेला जागा नसते, असं ती त्याला म्हणाली होती.

पुढच्या दोन निवडणुका अशा गेल्या. तिसऱ्या वेळी क्लेमच उभा राहिला.

पक्षातल्या वरच्यांना ब्रेंडलसाठी फक्त एक नाव हवं होतं. मतपत्रिकेवर पक्ष दिसला पाहिजे, बाकी काही करायचं नाही, पत्रकं छापायची नाहीत, दारं वाजवायची नाहीत, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. क्लेम "हो हो" म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून आपल्या दुखऱ्या गुडघ्याने शेताशेतांतून हिंडायला लागला. कुत्री अंगावर आली, एका शेतकऱ्याने त्याला गोठ्याच्या दाराशी उभं करून अर्धा तास शिव्या दिल्या, तरी पठ्ठ्या संध्याकाळी घरी यायचा तो गाणं गुणगुणतच. खाणीतल्या जुन्या सोबत्यांनी त्याच्या अनामतीसाठी टोपी फिरवली होती. शंभरात पाच मतं पडली की अनामत परत मिळते, आणि ती परत मिळवून सोबत्यांच्या हातात द्यायची, एवढंच त्याला हवं होतं. जिंकायचं खूळ त्याच्या डोक्यात नव्हतं.

मतदानाच्या गुरुवारी ग्लेनिस पडद्याआड गेली तेव्हा मतपत्रिकेवर तिच्या नवऱ्याचं नाव होतं. हॉकडे, क्लेमंट जॉन. तिने ते दोनदा वाचलं. मग तिला आठवलं की डेस्मंडने या वेळेपावेतो थॉर्नमथला लालांना मत दिलेलं असणार, वडिलांचा पक्ष बाजूला ठेवून, केवळ तिच्या शब्दाखातर. ते मत क्लेमच्याच पक्षाला, म्हणजे एका अर्थी क्लेमलाच. तिने पिवळ्यापुढे फुली मारली.

क्लेमला पाच टक्क्यांना नऊ मतं कमी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मोजणीवरून आला आणि बूट न काढताच स्वयंपाकघरात बसला. मोजणीच्या टेबलाशी वाकून त्याने आपल्या गावाच्या पेटीतले कागद उलगडताना पाहिले होते. गावात त्याला अकरा मतं होती. तो बोटांवर नावं घ्यायला लागला: दोघे पेन्वर्डन भाऊ, पोस्टातली एडिथ, तिचा दीर, असे करत दहा झाले. मग त्याने ग्लेनिसचा हात धरला आणि म्हणाला, "आणि अकरावी तू." ग्लेनिस त्याच्या कपात चहा ओतत होती. तिने ओतणं पूर्ण केलं आणि साखर पुढे सरकवली. त्या एका मताबद्दल मात्र ती दुकानाच्या रांगेत कधी बोलली नाही. तीन वर्षांनी क्लेम गेला, तो तिला अकरांत धरूनच गेला.

यावर ती कशी जगली, असं कुणी विचारलं असतं तर तिच्याकडे उत्तर तयार होतं: थॉर्नमथचं मत. दर निवडणुकीला डेस्मंड टेकडीपलीकडे ते टाकतो आहे, ते क्लेमचंच आहे. इकडचं तिकडे गेलं, हरवलं नाही. माणसाला रात्री झोप लागायला एवढं पुरतं.

या वर्षी जूनमध्ये पुन्हा निवडणूक लागली. ब्रेंडलचं बारा खाटांचं इस्पितळ निळ्यांनी बंद करायला काढलं होतं आणि खोरं खवळलं होतं. पिवळे येणार की निळे टिकणार, फरक शे-दोनशे मतांचा, असं जो तो म्हणत होता. लालांनी ब्रेंडलसाठी पुन्हा कागदावरचं एक नाव दिलं: कॅलम रज, वय बावीस, दोनशे मैलांवरच्या शहरातला. त्याने ब्रेंडल नकाशावर तरी बघितलं होतं की नाही, देव जाणे. आणि ब्रेंडलच्या लाल मंडळींना वरून हुकूम आला की आपल्या गावात तोंड उघडायचं नाही, सगळ्यांनी थॉर्नमथला जाऊन दारं वाजवायची. आपल्या अंगणात मुकं राहायचं आणि दुसऱ्याच्या अंगणात ओरडायचं, याला म्हणे डावपेच.

ग्लेनिस गेली. थॉर्नमथच्या कचेरीत बेव्हर्ली स्टॅनिफोर्थ नावाची एक दणकट बाई सगळ्यांना याद्या वाटत होती. तिने ग्लेनिसच्या हातात रोपवॉक स्ट्रीटची यादी कोंबली. ग्लेनिस म्हणाली की या रस्त्यावर माझा भाऊच राहतो. बेव्हर्ली म्हणाली, बरंच झालं, चहा तरी मिळेल.

यादीत प्रत्येक घर, घरातलं प्रत्येक नाव, आणि नावापुढे गेल्या पाच निवडणुकांचे पाच चौकोन. मत कुणाला दिलं ते कुणालाच कळत नाही, ते गुप्तच. पण केंद्रावरची बाई मतपत्रिका देताना वहीतल्या नावावर रेघ ओढते, आणि त्या वह्या नंतर सगळ्या पक्षांना बघायला मिळतात. मत दिलं की नाही, एवढं त्यातून कळतं. ग्लेनिसने अशा याद्या जन्मभर हाताळल्या होत्या, पण ब्रेंडलच्या. थॉर्नमथची यादी तिने कधी पाहिलीच नव्हती. पाहायची गरजच काय होती?

एकोणतीस नंबर. ट्रेमलेट, डेस्मंड आर्थर. पहिल्या दोन चौकोनांत मत दिल्याची खूण. पुढचे तीन कोरे.

ती फुटपाथवर उभी राहिली. बोटाने तिने वरची ओळ तपासली, खालची तपासली, वाटलं ओळ चुकली असेल. चुकली नव्हती. शेजारच्या दमेकरी म्हातारीच्या पाचही चौकोनांत खुणा होत्या.

डेस्मंडने दार उघडलं आणि तिच्या छातीवरचं पक्षाचं लाल फूल बघून म्हणाला की बाई, आम्हाला काही नको, आम्ही चॅपलची माणसं. नेहमीचा विनोद. ग्लेनिस हसली नाही. तो आत वळून किटलीखाली गॅस लावायला लागला. त्र्याहत्तरीचा, पाठीत वाकलेला, कोपरावर रफू केलेलं स्वेटर घातलेला. ग्लेनिसने यादी टेबलावर ठेवली आणि एकोणतीस नंबरवर बोट ठेवलं. त्याने चष्मा शोधला, लावला आणि बराच वेळ वाचलं.

"हे तुम्हा लोकांना कळतं?" तो म्हणाला.

"कुणाला दिलंस ते कळत नाही. गेलास की नाही, ते कळतं."

किटली शिट्टी वाजवायला लागली, तरी तो जागचा हलला नाही. शेवटी ग्लेनिसनेच गॅस बंद केला.

"क्लेम उभा होता ना, तेव्हापासून," डेस्मंड म्हणाला. "त्या दिवशी मी कोट घालून निघालो होतो. फाटकापाशी थांबलो. म्हटलं, आज ग्लेनी काही पिवळ्यांना देत नाही. स्वतःचा नवरा उभा आहे, कुठली बायको दुसऱ्याला देईल? देऊही नये. मग मी एकट्यानेच बाबांना लाज आणून लालांना कशाला द्यायचं? परत आत आलो आणि कोट खुंटीला टांगला."

"पिवळ्यांना तरी द्यायचंस."

"ते कसं देणार? तुला शब्द दिला होता. लालांना देववेना, पिवळ्यांना देता येईना. बसलो घरी."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू तरी कुठे सांगितलंस? मला वाटलं, तुला अवघडल्यासारखं होत असेल. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यानंतर मग तसंच चालू राहिलं."

ग्लेनिस खुर्चीवर बसली. तिच्या छातीवरचं फूल वाकडं झालं होतं, ते तिने काढून टेबलावर ठेवलं.

"मी पिवळ्यांनाच दिलं, डेस."

"कधी?"

"क्लेम उभा होता तेव्हा."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अगं, पण का?"

"तुला शब्द दिला होता म्हणून."

रस्त्यावरून कुणीतरी कर्णा लावून निळ्यांचा प्रचार करत गेलं. मग डेस्मंडने विचारलं की क्लेमला हे ठाऊक होतं का. ती म्हणाली, नाही. एवढ्यावर त्याने चष्मा काढला आणि डोळे पुसले. त्याचे डोळे पुसणं बघून ग्लेनिसला असा संताप आला की टेबलावरचा कप उचलून त्याच्या डोक्यात घालावा. रडायचं तिने, आणि रडतोय कोण? तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, आणि ते धुपाटणंही तिने एवढी वर्षं मिरवत मिरवत नेलं होतं, दुकानाच्या रांगेतल्या बायांना दाखवत. इकडचं तिकडे गेलं म्हणे! कुठेच गेलं नव्हतं. नवऱ्याला फसवून तिने जे मत वाचवलं, ते या खुंटीवर कोटाबरोबर टांगलेलं होतं.

"या गुरुवारी जातो," डेस्मंड म्हणाला. "जाऊन लालांना देतो. बाबा काय म्हणायचं ते म्हणोत."

"आता कशाला?"

"शब्द होता म्हणून. तीनदा बुडवला, एकदा तरी पाळतो. तू तिकडे पिवळ्यांना देशील ना?"

"मी कधी चुकलेय?" ग्लेनिस म्हणाली आणि उठली. चहा तसाच राहिला. उरलेल्या रस्त्याची सगळी दारं तिने वाजवली, प्रत्येकाला नीट हसून विचारलं, यादीत नीट खुणा केल्या आणि यादी बेव्हर्लीला परत दिली. काम अर्धवट टाकायची तिला सवय नव्हती.

गुरुवारी ती सकाळीच निघणार होती, पण निघाली संध्याकाळी सहाला. गावाचं केंद्र चॅपलच्या हॉलमध्येच असतं. आतल्या टेबलाशी पोस्टातली एडिथ बसली होती, साठ वर्षांपासूनची मैत्रीण, आणि नवीन कायद्याप्रमाणे तिने ग्लेनिसकडे ओळखपत्र मागितलं. ग्लेनिसने बसचा पास दाखवला. एडिथने पासावरचा फोटो बघितला, ग्लेनिसकडे बघितलं, आणि म्हणाली की चालेल, तूच आहेस असं दिसतंय.

पडद्याआड पेन्सिल दोरीने बांधलेली होती. ग्लेनिस पिवळ्यांनाच देणार होती. इस्पितळ होतं, तिचं बाळंतपण तिथे झालं होतं, क्लेम तिथेच गेला होता. पिवळा उमेदवारही बरा माणूस होता, इस्पितळाच्या दारात दोन महिने तंबू ठोकून बसलेला. आणि टेकडीपलीकडे डेस्मंड आज जाणार होता. सगळा हिशेब एकाच बाजूला होता. तो तिने पुन्हा एकदा मनात मांडला, आणि पेन्सिल कॅलम रज या नावापुढे गेली.

तिने दाबून फुली मारली, कागद फाटेल इतकी. कोण हा कॅलम रज? बावीस वर्षांचं एक पोर, ज्याला ब्रेंडल कुठल्या दिशेला आहे ते ठाऊक नाही. कुठल्या शेतात त्याच्या अंगावर कुत्रं आलं होतं? कुणाच्या गोठ्यापाशी उभं राहून त्याने शिव्या खाल्ल्या होत्या? पण लाल रंगापुढे फुली मारली की आत काहीतरी सुटेल, असं तिला वाटलं होतं. ती थांबून राहिली. काहीच सुटलं नाही. क्लेमचं नाव त्या कागदावर नव्हतं आणि पुन्हा कधी येणार नव्हतं. तिने कागदाची घडी घातली आणि पेटीत टाकला.

बाहेर पिवळ्यांची मिसेस येलंड खुर्ची टाकून बसली होती, येणाऱ्याजाणाऱ्याचा मतदार क्रमांक टिपून घेत. तिने ग्लेनिसला क्रमांक विचारलासुद्धा नाही. "तुमचं आम्ही सकाळीच धरून टाकलंय, मिसेस हॉकडे," ती म्हणाली. "तुमच्यासारखी चार माणसं असती ना, तर हे निळे कधीच गेले असते." ग्लेनिसने तिचे आभार मानले आणि चर्चच्या भिंतीकडेने घरी आली.

साडेसातला फोन वाजला. अजून लख्ख उजेड होता, आणि ती परसात वाळलेले कपडे काढत होती. डेस्मंडचा आवाज सर्दी झाल्यासारखा येत होता.

त्याने सांगितलं की दुपारी दोनला गेलो. वडिलांचाच कोट घालून गेलो, म्हटलं त्यांच्यापासून लपवायला नको. पडद्याआड पाच मिनिटं उभा होतो, बाहेरच्या बाईने विचारलं की बरं वाटत नाही का. मग लालांना फुली मारली. येताना बाबांना पुरलंय त्या दफनभूमीकडून आलो, पण फाटकातून आत जायचा धीर झाला नाही. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं.

"मेलो नाही मात्र," तो म्हणाला आणि हसायला लागला. बऱ्याच वर्षांत तो असा हसला नव्हता. "बाकी हलकं वाटतंय गं. एवढी वर्षं बसून होतो, उगाच. तू गेली होतीस ना?"

"गेले होते."

"पिवळ्यांना?"

ग्लेनिसच्या खांद्यावर टॉवेल होता. तो तिने काढला, घडी घातली आणि बाकी कपड्यांवर ठेवला.

"पिवळ्यांना," ती म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

"अगं, मी विचारायलाच नको होतं," डेस्मंड म्हणाला. "तू क्लेमला दिलं नाहीस, आणखी कुणाला देणार?"